जमिनीवरचा चेंडू अडवताना: आधी पाय, मग हात

नव्या क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू निसटला की सहकाऱ्यांची पहिली हाक येते ती 'हात खाली ठेव' अशी. हाक चुकीची नसते, पण ती उशिरा आलेली असते. माझ्या पाहण्यात जमिनीवरून येणारे जे चेंडू सुटले, त्यांतल्या बहुतेकांचा निकाल हात चेंडूपर्यंत पोचण्याआधीच लागलेला होता: पाय चेंडूच्या रेषेत आलेले नव्हते, गुडघे पुरेसे वाकलेले नव्हते, किंवा नजर ऐन वेळी धावणाऱ्या फलंदाजाकडे वळली होती. म्हणून पुढचे मार्गदर्शन पायांपासून सुरू होते, हातांपर्यंत येते आणि मग फेकीकडे वळते. झेल हा स्वतंत्र विषय असल्यामुळे तो येथे घेतलेला नाही. सर्व वर्णन उजव्या हाताने फेकणाऱ्या खेळाडूचे आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट कराव्यात.

एक साधा हिशेब आधी मांडतो. खेळपट्टी २०.१२ मीटर लांब असली, तरी दोन्ही टोकांच्या क्रीजमधले अंतर १७.६८ मीटरच असते आणि फलंदाजाला एका धावेसाठी तेवढेच कापायचे असते. सेकंदाला ६ मीटर वेगाने धावणारा फलंदाज अर्ध्या सेकंदात ३ मीटर पुढे जातो. चेंडू हातात एकदा चाचपडला, तर तेवढा अर्धा सेकंद सहज जातो. फेकीचा वेग वाढवून हा वेळ भरून काढणे फार अवघड आहे. चेंडू पहिल्याच प्रयत्नात स्वच्छ उचलून तो वाचवणे मात्र कोणालाही शिकता येते.

चेंडू पडण्याआधीची तयारी

गोलंदाज धावू लागला की पॉइंट, कव्हर, मिड-ऑफ, मिडविकेट अशा जागांवरच्या क्षेत्ररक्षकांनी त्याच्याबरोबर फलंदाजाच्या दिशेने चालत यावे. चार ते सहा पावले पुरेशी असतात. धावत येऊ नये, कारण धावणाऱ्या शरीराला बाजूला वळायला वेळ लागतो. उभेही राहू नये, कारण थांबलेल्या शरीराला हलवायलाच पहिला क्षण खर्च होतो. चेंडू फलंदाजापर्यंत पोचण्याच्या क्षणी एक अगदी छोटी उडी घ्यावी आणि दोन्ही पाय एकाच वेळी, खांद्यांहून किंचित जास्त अंतरावर, जमिनीवर टेकवावेत. या उडीला स्प्लिट स्टेप म्हणतात आणि टेनिसचे खेळाडू सर्व्हिस परतवताना तेच करतात. उडी जमिनीपासून चार बोटेदेखील उंच नसावी. तिचा उपयोग इतकाच, की शरीराचा भार टाचांवरून चवड्यांवर येतो आणि कोणत्याही दिशेला निघण्यासाठी स्नायू ताणून तयार राहतात.

त्या क्षणी गुडघे वाकलेले, कंबर खाली आणि हात शरीरापुढे मोकळे असावेत. हात गुडघ्यांवर टेकून उभे राहण्याची सवय अनेकांना असते आणि ती मोडायलाच हवी, कारण हात तेथून सोडवण्यात वेळ जातो आणि पाठ वाकली तरी गुडघे सरळच राहतात. नजर गोलंदाजाच्या हातावर नव्हे, तर बॅटवर असावी. फलंदाजाचा पुढचा पाय कोठे पडतो आणि बॅटचे तोंड कोणत्या बाजूला उघडते, हे पाहण्याची सवय लागली की चेंडू बॅटला लागण्याच्या आतच शरीर योग्य बाजूला झुकू लागते.

फलंदाजाच्या जवळ उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकांनी मात्र चालत येऊ नये. त्यांनी चेंडू टाकला जाण्याआधीच खाली बसून स्थिर व्हावे. नियमही येथे लक्षात ठेवावा. चेंडू फलंदाजापर्यंत पोचण्याआधी क्षेत्ररक्षकाने आपली जागा लक्षणीय रीतीने बदलणे नियमात बसत नाही; दूरच्या क्षेत्ररक्षकांना फलंदाजाच्या दिशेने चालत येण्याची मुभा आहे, बाजूला सरकून नवी जागा गाठण्याची नाही.

पहिले पाऊल आणि रेषा

चेंडू उजवीकडे गेला तर उजवा पाय त्या दिशेला वळवावा आणि डाव्या पायाने त्याच्यावरून पहिले मोठे पाऊल टाकावे. खेकड्यासारखे बाजूला सरकत जाणे दोन पावलांपुरते ठीक असते. त्याहून दूरच्या चेंडूसाठी वळून धावणेच वेगवान ठरते. धावताना चेंडू आत्ता जेथे आहे त्या जागेकडे नव्हे, तर तो आणि आपण एकाच वेळी जेथे पोचू त्या जागेकडे धावावे. हा अंदाज सांगून येत नाही, शंभर चेंडूंमागे धावल्यावर येतो. तोवर एक साधी खूण उपयोगी पडते: धावताना चेंडू आपल्या नजरेत सतत पुढे पुढे सरकत असेल, तर आपली रेषा चुकलेली आहे आणि ती थोडी मागच्या बाजूने घ्यायला हवी.

सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाला वेळ अधिक मिळतो, म्हणून त्याने सरळ रेषेऐवजी हलके वळण घेऊन चेंडूकडे यावे, म्हणजे उचलतेवेळी शरीराचा वेग फेकीच्या दिशेने वाहत असतो. जानेवारी २०२१ मध्ये सिडनी कसोटीत रवींद्र जडेजाने स्टीव्ह स्मिथला १३१ धावांवर थेट फेकीने धावबाद केले, ते या दृष्टीने पुन्हा पुन्हा पाहावे. स्मिथ दुसरी धाव घेत होता आणि जडेजा सीमारेषेच्या बाजूने धावत आला होता. सगळे पाहतात ती फेक. शिकण्यासारखे आहे ते त्याआधीचे धावणे, ज्यामुळे चेंडू उचलणे आणि फेकणे यांच्यामध्ये थांबून तोल सावरण्याची गरजच उरली नाही.

चेंडू हातात घेणे

चेंडू सरळ अंगावर येत असेल, तर दोन हातांनी घेण्याची मूळ रीत आधी पक्की करावी. पाय रुंद ठेवून, पाठीऐवजी गुडघे आणि कंबर यांतून खाली जावे. दोन्ही हातांच्या करंगळ्या एकमेकींना लागून, बोटे जमिनीकडे आणि तळवे चेंडूकडे असावेत. हात पायांच्या मध्ये न ठेवता पायांच्या पुढे, साधारण फूटभर अंतरावर न्यावेत, म्हणजे चेंडू डोळ्यांसमोरच हातात येतो. चेंडू तळव्यांना लागताच हात शरीराकडे ओढून घ्यावेत; ताठ हातांवर आदळलेला चेंडू भिंतीवर आदळल्यासारखा परत उडतो.

हात आधी जमिनीवर टेकवून मग गरजेप्रमाणे वर आणावेत, हा क्रम कधीही उलटा करू नये. जमिनीलगतच्या हातांना उसळलेल्या चेंडूसाठी वर येणे सोपे असते, कारण चेंडू जोर देऊनच वर येतो आणि नजरही त्याच्याबरोबर वर येते. वरच्या हातांना ऐन वेळी खाली जाणे जवळजवळ अशक्य असते.

येथे एक अनुभव सविस्तर सांगतो. सरावाला येणाऱ्या एका मुलीच्या पायांची हालचाल उत्तम होती, तरी कव्हरला उभी असताना दर पाच-सहा चेंडूंमागे एक तिच्या हातांखालून निघून जाई. मी आधी हातांकडे पाहत राहिलो आणि मला काहीच सापडले नाही. मग समोर न राहता तिच्या बाजूला, जमिनीवर बसून पाहिले. चेंडू हातभर अंतरावर असताना तिची हनुवटी वर जात होती, कारण फेकायचे कोणत्या टोकाला हे ती त्याच क्षणी पाहून घेत होती. हनुवटीबरोबर खांदे वर जात, खांद्यांबरोबर हात, आणि क्रिकेटच्या चेंडूचा व्यास जेमतेम ७ सेंटिमीटर असल्यामुळे तेवढी फट त्याला पुरत असे. उपाय म्हणून एका चेंडूवर तीन रंगांचे मोठे ठिपके काढले आणि हातात येताना वरच्या बाजूला कोणता रंग होता, हे तिने मोठ्याने सांगायचे असे ठरवले. पहिल्या दिवशी तिची अर्धी उत्तरे चुकली. दोन आठवड्यांत उत्तरे बरोबर येऊ लागली आणि चेंडू निसटणे जवळपास थांबले. तिच्या हातांविषयी मी या काळात एक शब्दही बोललो नव्हतो.

लाँग बॅरियर केव्हा वापरावा

चेंडू वेगाने येत असेल, मैदान खडबडीत असेल आणि धावबाद करण्याची संधी नसेल, तेव्हा शरीराचाच अडसर करावा. उजवे पाऊल चेंडूच्या रेषेला आडवे ठेवावे, डावा गुडघा जमिनीवर टेकून तो उजव्या टाचेला भिडवावा आणि डावी नडगी जमिनीवर आडवी पसरावी. टाच आणि गुडघा यांच्यात फट राहिली, तर या सगळ्या खटाटोपाला अर्थ उरत नाही. हात या अडसराच्या पुढे, वर सांगितल्याप्रमाणेच ठेवावेत. या स्थितीत डावा खांदा आपोआप पुढे येतो, त्यामुळे उठताना शरीर फेकीसाठी आधीच बाजूने वळलेले असते.

लाँग बॅरियरला जुनाट समजून हल्लीचे मुलगे तो टाळतात, ते मला पटत नाही. सीमारेषेवर उभे असताना एक धाव निघालेलीच असते आणि मागे कोणी नसते. तेथे चुकलेल्या चेंडूची किंमत आणखी तीन धावा आहे आणि अडसराने जाणारा वेळ कोणालाही जादा धाव देत नाही. उलट तीस यार्डांच्या वर्तुळात, फलंदाज चोरटी धाव घेत असताना गुडघा टेकणे म्हणजे ती धाव त्याला देऊन टाकणे होय. म्हणून रीत निवडताना एकच प्रश्न विचारावा: आत्ता धाव वाचवायची आहे की चौकार?

पुढे धावत जाऊन उचलणे

हळू येणाऱ्या चेंडूवर धावबादची संधी असते आणि येथेच नवखे सर्वांत जास्त घाई करतात. शेवटच्या तीन-चार पावलांत पावले आखूड करावीत आणि कंबर खाली न्यावी. वेळ असेल तर दोन हातांनी, उजवे पाऊल पुढे असताना त्याच्या जवळच चेंडू उचलावा. वेळ अजिबात नसेल तरच एका हाताने उचलावा आणि तोही उजव्या पावलाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे चुकून पाऊलच चेंडूला लागण्याचा धोका राहत नाही. हाताची बोटे जमिनीकडे असावीत; चेंडूवर वरून झडप घातली की तो बोटांखालून निसटतो. उचलल्यानंतर पुढच्याच पावलावर, शरीर उंच न करता, अंडरआर्म फेक करावी. हात यष्टींच्या दिशेने लांब जाऊ द्यावा आणि फेकल्यानंतरही एक-दोन पावले त्याच दिशेने पुढे जावे.

यष्टी अगदी जवळ असतील, तर फेकण्यापेक्षा चेंडू घेऊन धावणे केव्हा केव्हा शहाणपणाचे असते. १९९२ च्या विश्वचषकात ब्रिस्बेनला जाँटी ऱ्होड्सने इंझमाम-उल-हकला असेच धावबाद केले: चेंडू हातात घेऊन तो धावत सुटला आणि सूर मारून हातातल्या चेंडूसकट तिन्ही यष्टी उखडून टाकल्या. त्या सुराचे छायाचित्र क्रिकेट पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, पण त्यामागचा निर्णय अधिक मोलाचा होता. परत फिरलेला फलंदाज अजून दूर आहे आणि फेक चुकू शकते, हे त्याने धावता धावता जोखले होते.

पाठलाग, घसरणे आणि सूर मारणे

चेंडू आपल्याला ओलांडून गेला, तर सरळ त्याच्या मागे न धावता त्याच्या डाव्या बाजूने धावावे, म्हणजे चेंडू आपल्या उजव्या हाताला राहतो. त्याच्याशी बरोबरी झाली की उजवे पाऊल चेंडूशेजारी रोवून, गुडघ्यातून खाली जाऊन तो उचलावा आणि डावीकडे वळावे. वळताच डावा खांदा लक्ष्याकडे येतो आणि फेकीची स्थिती तयार होते. उजवीकडे वळल्यास पूर्ण गिरकी घ्यावी लागते.

घसरून चेंडू अडवण्याचे आकर्षण नव्या खेळाडूंना फार असते. ते शिकावे, पण मऊ, हिरव्या गवतावर आणि आधी चेंडूशिवाय. डावा पाय गुडघ्यात दुमडून शरीराखाली घ्यावा, डाव्या मांडीच्या व नितंबाच्या बाहेरच्या बाजूवर घसरावे, उजवा पाय पुढे किंचित वाकलेला ठेवून त्याच्या टाचेने वेग रोखावा आणि त्याच आधाराने उठावे. गुडघा थेट जमिनीवर आपटू देऊ नये. कोरड्या, मातीच्या मैदानावर घसरू नये, एवढे मी निक्षून सांगेन.

सूर मारताना वर उडी न घेता खाली आणि लांब जावे. आधी गुडघे वाकवून शरीर जमिनीच्या जवळ आणले, तर पडण्याची उंचीच उरत नाही. कोपर किंवा मनगट टेकवून अंग सावरण्याची उपजत प्रवृत्ती असते, तीच दुखापतीला कारण होते. हाताचा पुढचा भाग, छाती आणि पोट यांवर भार पसरत सरकायला शिकावे. सीमारेषेजवळ आणखी एक भान लागते. चेंडूला स्पर्श असताना शरीराचा कोणताही भाग सीमेच्या दोराला किंवा त्यापलीकडच्या जमिनीला लागला, तर चौकार जातो. म्हणून चेंडू पकडून ठेवण्याऐवजी तो आत ढकलून दोराबाहेर घसरत जाणे आणि मग परत येऊन उचलणे हाच सुरक्षित मार्ग असतो. जोडीला दुसरा क्षेत्ररक्षक असेल तर उचलण्याचे काम त्याच्यावर सोडावे.

फेक

चेंडू हातात येताच बोटांनी त्याची शिवण शोधावी आणि पहिली दोन बोटे शिवणीवर आडवी ठेवावीत. अशी पकड असलेला चेंडू हवेत सरळ जातो. शिवणीच्या रेषेत धरलेला वाटेत वळू शकतो. घाईत हे सुचत नाही, म्हणून रिकाम्या वेळी चेंडू हातात फिरवून न पाहता शिवण शोधण्याची सवय करावी.

मग उजवे पाऊल लक्ष्याला आडवे, डावे लक्ष्याकडे, डावा हात लक्ष्याच्या दिशेने ताणलेला आणि उजवे कोपर खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वर, अशी स्थिती घ्यावी. डावा हात शरीराकडे ओढत कंबर आणि खांदे वळवावेत; उजवा हात त्या वळणामागोमाग येतो आणि चेंडू सुटल्यावर डाव्या मांडीकडे जातो. कोपर खांद्याखाली राहिले तर फेकीतला जोर कमी होतो आणि सांध्यावर ताणही येतो.

यष्टिरक्षकाकडे फेकताना चेंडू बेल्सच्या जरा वर पोचावा असे लक्ष्य ठेवावे. यष्टींची उंची ७१.१२ सेंटिमीटर असते, म्हणजे हे लक्ष्य साधारण कमरेच्या खाली येते. दुरून फेकताना उंच कमान देऊन थेट पोचवण्यापेक्षा सपाट फेक करून एका टप्प्यावर चेंडू देणे बहुधा लवकर पोचते. तेवढा जोर नसेल, तर मध्ये आलेल्या सहकाऱ्याकडे फेकून रिले करावा, त्यात कमीपणा नाही.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे फेकू नये केव्हा, हेही ठरवावे. फलंदाज क्रीजमध्ये पोचलेला असताना रागाने केलेली फेक ओव्हरथ्रो होऊन सीमेपार गेली, तर पूर्ण झालेल्या धावांमध्ये आणखी चार धावांची भर पडते. आणि फेकीच्या क्षणी फलंदाज एकमेकांना ओलांडून गेले असतील, तर चालू असलेली धावही मोजली जाते. १९९९ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, बर्मिंगहॅमला, ऑस्ट्रेलियाच्या डेमियन फ्लेमिंगने अखेरच्या क्षणी चेंडू यष्टिरक्षक ॲडम गिलख्रिस्टकडे अंडरआर्म, जमिनीवरून घरंगळत दिला. ॲलन डोनाल्ड धावबाद झाला, सामना बरोबरीत सुटला आणि ऑस्ट्रेलिया अंतिम सामन्यात गेली. जोरात फेकण्याचा मोह होण्यासारखा तो क्षण होता आणि गरज होती फक्त अचूकतेची.

ज्यांच्याकडे चेंडू गेलेला नाही

फेक होत असताना प्रत्येक क्षेत्ररक्षकाला काम असते. गोलंदाजाने यष्टींच्या मागे उभे राहावे, पुढे उभे राहिल्यास चेंडू घेऊन मागे वळण्यात क्षण जातो. फेकीच्या रेषेत, यष्टींपासून १० ते १५ मीटर मागे, कोणीतरी बॅकअपला पोचावे. अगदी जवळ उभा राहिलेला बॅकअप निसटलेल्या चेंडूला पाहतच राहतो. टोक कोणते हे यष्टिरक्षकाने किंवा जवळच्या सहकाऱ्याने एकदाच आणि मोठ्याने सांगावे. दोघांनी दोन टोके सांगितली, तर उचलणाऱ्याची हनुवटी पुन्हा वर जाते.

नियमांतल्या दोन गोष्टी नव्यांना बहुधा माहीत नसतात. टोपी किंवा कपड्यांचा मुद्दाम वापर करून चेंडू अडवल्यास फलंदाजी करणाऱ्या संघाला ५ दंडाच्या धावा मिळतात. तसेच हातात चेंडू नसताना फेकल्याचा बहाणा करून फलंदाजाला मुद्दाम फसवणे २०१७ च्या नियमावलीपासून दंडनीय आहे आणि त्यासाठीही ५ धावाच द्याव्या लागतात.

सरावाची मांडणी

सुरुवात टेनिसच्या चेंडूने आणि भिंतीसमोर करावी. साधारण ६ मीटरवर उभे राहून चेंडू भिंतीवर खाली मारावा, छोटी उडी घ्यावी, दोन हातांनी उचलावा, असे ३० वेळा. चामड्याचा चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅम वजनाचा असतो आणि त्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. भीतीने मान वळते आणि मान वळली की मार लागण्याची शक्यता वाढतेच. म्हणून टेनिसच्या चेंडूवर हालचाल सवयीची झाल्याशिवाय चामड्याचा चेंडू घेऊ नये आणि घेतल्यावरही पहिले काही दिवस हाताने घरंगळत सोडलेलेच चेंडू अडवावेत.

फेकीचा सराव वेगळा ठेवावा. शरीर तापवल्यावर १० मीटरपासून सुरुवात करून अंतर हळूहळू ३० मीटरपर्यंत वाढवावे आणि पूर्ण जोराच्या फेकी एका दिवसात २० ते २५ च्या पुढे नेऊ नयेत. खांद्यात किंवा कोपरात दुखू लागले तर त्या दिवशी फक्त अंडरआर्म करावे.

या दोन्हींची घडी बसल्यावर जोडीदाराबरोबर एक शेवटचा सराव करावा. दोन टोकांना प्रत्येकी एकच यष्टी रोवावी, आपण २० मीटरवर उभे राहावे आणि जोडीदाराने चेंडू आपल्याकडे मारावा. टोक त्याने आधी सांगू नये. चेंडू आपल्या हातात आल्याचा आवाज ऐकल्यावरच सांगावे. आरंभी आपली मान त्याआधीच उचलली जाईल आणि चेंडू निसटेल. तसे झाले की जोडीदाराने पुढचा चेंडू थोडा हळू द्यावा.